ब्राउझरमध्ये पीडीएफ कशी उघडते?

शासन निर्णय, सातबारा उतारा, परीक्षेचा निकाल, विजेचे बिल, बँकेचे खातेउतारे, जुन्या पुस्तकांचे स्कॅन. इंटरनेटवर मिळणारे बहुतेक महत्त्वाचे कागद आज पीडीएफ स्वरूपात असतात. लिंकवर क्लिक केले की कधी फाइल ब्राउझरच्याच खिडकीत उघडते, कधी न विचारता डाउनलोड होते, कधी पानांची संख्या बरोबर पण पाने कोरी दिसतात, तर कधी फाइल खराब असल्याचा संदेश येतो. या प्रत्येक परिणामामागे ठरावीक कारण असते. ते कळले, तर अर्जाच्या शेवटच्या दिवशी कागद उघडेना म्हणून होणारी धावपळ बरीच कमी होते. पीडीएफ हे उदाहरण घेऊन, बायनरी दस्तऐवज सर्व्हरवरून ब्राउझरपर्यंत कसा येतो आणि तिथे त्याचे पान कसे तयार होते, हे या लेखात पाहू.

मजकूर-फाइल आणि बायनरी फाइल

संगणकावरची कोणतीही फाइल म्हणजे ओळीने मांडलेल्या बाइटांची रांग. एका बाइटमध्ये ० ते २५५ यांपैकी एक संख्या मावते. फरक असतो तो या संख्यांचा अर्थ कसा लावायचा यात.

मजकूर-फाइलमध्ये या संख्या अक्षरांसाठी असतात. कोणत्या संख्येला कोणते अक्षर, हे एका ठरलेल्या सारणीवरून कळते. आज वेबवर यासाठी मुख्यतः यूटीएफ-८ ही पद्धत वापरतात. तिच्यात इंग्रजी अक्षराला एक बाइट लागतो, तर देवनागरीतल्या प्रत्येक चिन्हाला तीन. ‘की’ या अक्षरात ‘क’ आणि दीर्घ वेलांटी अशी दोन चिन्हे आहेत, म्हणून त्याला सहा बाइट लागतात.

बायनरी फाइलमध्ये संख्यांचा अर्थ अक्षर असेलच असे नाही. एखादा बाइट चित्रातल्या ठिपक्याचा रंग असेल, एखादा अक्षराच्या वळणाचे माप असेल, तर एखादा दाबून लहान केलेल्या माहितीचा तुकडा असेल. अशी फाइल साध्या नोटपॅडमध्ये उघडली तर विचित्र चिन्हांची रांग दिसते, कारण नोटपॅड प्रत्येक बाइटला अक्षर समजून वाचायला जातो.

पीडीएफ ही या दोहोंची सरमिसळ आहे. तिचा सांगाडा साध्या अक्षरांत लिहिलेला असतो. पानांवरचा मजकूर, चित्रे आणि फॉन्ट मात्र बहुधा बायनरी स्वरूपात असतात. यामुळे होणारा एक मजेदार घोटाळा पुढे येईलच.

पीडीएफच्या पोटात काय असते

एका संगणकावर तयार केलेला कागद दुसऱ्या संगणकावर आणि छपाईत हुबेहूब तसाच दिसावा, या गरजेतून पीडीएफ जन्माला आली. ॲडोबी कंपनीचे सहसंस्थापक जॉन वॉरनॉक यांनी १९९०च्या दशकाच्या सुरुवातीला ‘कॅमलॉट’ नावाचा प्रकल्प मांडला. त्यातून १९९३ मध्ये पीडीएफची पहिली आवृत्ती आली. २००८ मध्ये तिला आयएसओ ३२०००-१ हे आंतरराष्ट्रीय मानक मिळाले आणि पीडीएफ एका कंपनीच्या ताब्यातून बाहेर आली. आज कोणीही हे मानक पाहून पीडीएफ लिहिणारा किंवा दाखवणारा प्रोग्रॅम तयार करू शकतो. ब्राउझरांनी पुढे तेच केले.

पीडीएफ फाइलचे ढोबळमानाने चार भाग असतात.

१. डोके. पहिली ओळ टक्क्याच्या चिन्हाने सुरू होते. त्यापुढे ‘पीडीएफ’ ही तीन इंग्रजी अक्षरे, आडवी रेघ आणि आवृत्तीचा क्रमांक असतो. बाइटांच्या भाषेत पहिल्या पाच संख्या ३७, ८०, ६८, ७०, ४५ अशा. दुसऱ्या ओळीत बहुधा १२७ पेक्षा मोठ्या किंमतीचे किमान चार बाइट मुद्दाम ठेवतात. त्यांना स्वतःचा काही अर्थ नसतो. ही फाइल साधा मजकूर समजून हाताळू नका, एवढेच फाइल पोचवणाऱ्या प्रोग्रॅमला त्यातून कळावे हा हेतू.

२. धड. इथे क्रमांक दिलेल्या वस्तू असतात. एक वस्तू म्हणजे एखादे पान, दुसरी एखादा फॉन्ट, तिसरी एखादे चित्र. एक वस्तू दुसरीचा उल्लेख क्रमांकाने करते. उदाहरणार्थ, पान सांगते की माझा मजकूर ७ क्रमांकाच्या वस्तूत आहे आणि फॉन्ट ९ क्रमांकाच्या.

३. अनुक्रमणिका. कोणत्या क्रमांकाची वस्तू फाइलच्या सुरुवातीपासून किती बाइटांवर आहे, याची ही सारणी. पारंपरिक स्वरूपात तिची प्रत्येक नोंद बरोबर २० बाइटांची असते. २००३च्या १.५ आवृत्तीपासून ही सारणीसुद्धा दाबून बायनरी रूपात ठेवण्याची सोय झाली.

४. शेपूट. फाइलच्या अगदी शेवटी, अनुक्रमणिका कुठे सुरू होते तो आकडा आणि फाइल संपल्याची खूण असते.

म्हणजे पीडीएफ वाचायला सुरुवात शेवटापासून करावी लागते. आधी शेपूट, तिथून अनुक्रमणिका, मग मूळ वस्तू, मग पानांची यादी आणि मग हवे ते पान. ही रचना विचित्र वाटली तरी तिचा मोठा फायदा आहे. फाइलमध्ये बदल करायचा असेल तर जुने काही न हलवता बदललेल्या वस्तू आणि नवी अनुक्रमणिका शेवटी जोडता येतात. पाचशे पानांच्या फाइलमधले ३४०वे पान पाहण्यासाठी आधीची ३३९ पाने वाचावी लागत नाहीत, हा आणखी एक फायदा.

सर्व्हर काय सांगून पाठवतो

लिंकवर क्लिक केल्यावर ब्राउझर सर्व्हरकडे फाइल मागतो. सर्व्हर फाइलच्या आधी काही ओळींची माहिती पाठवतो. पार्सलवर चिकटवलेल्या चिठ्ठीसारखी ही माहिती असते, आणि ब्राउझर पुढे काय करायचे ते बऱ्याच अंशी या चिठ्ठीवरूनच ठरवतो. तिच्यातल्या तीन ओळी महत्त्वाच्या.

पहिली ‘कंटेंट-टाइप’. फाइल कोणत्या प्रकारची आहे ते ही ओळ सांगते. पीडीएफसाठी इथे ‘ॲप्लिकेशन/पीडीएफ’ असे लिहिलेले असावे लागते. सर्व्हरला प्रकार माहीत नसेल तर तो ‘ॲप्लिकेशन/ऑक्टेट-स्ट्रीम’ असे लिहितो. म्हणजे ‘आत काही बाइट आहेत, कसले ते ठाऊक नाही’. अशा वेळी ब्राउझर सहसा फाइल दाखवत नाही, डाउनलोड करतो. फाइलच्या नावाच्या शेवटी पीडीएफ लिहिलेले असले तरी वेबवर या ओळीलाच जास्त मान असतो.

दुसरी ‘कंटेंट-डिस्पोझिशन’. इथे ‘इनलाइन’ असेल तर ब्राउझर फाइल खिडकीत दाखवतो. ‘अटॅचमेंट’ असेल तर डाउनलोड करतो. एकाच संकेतस्थळावर एक फाइल उघडते आणि दुसरी डाउनलोड होते, त्याचे कारण बहुधा याच ओळीत असते. अर्थात ब्राउझरच्या सेटिंगमध्ये ‘पीडीएफ नेहमी डाउनलोड करा’ असे निवडले असेल, तर ते सर्व्हरच्या सूचनेपेक्षा वरचढ ठरते.

तिसरी ‘कंटेंट-लेंग्थ’. फाइल एकूण किती बाइटांची आहे ते यावरून कळते. डाउनलोड किती टक्के झाले हे दाखवणारी पट्टी याच आकड्यावर चालते. हा आकडा पाठवला नसेल तर ती पट्टी नुसती फिरत राहते.

प्रकाराची ओळ चुकीची किंवा गायब असेल, तर ब्राउझर काही प्रसंगी फाइलचे पहिले बाइट पाहून अंदाज बांधतो. अनेक फाइल-प्रकारांच्या सुरुवातीला ठरलेली ओळखखूण असते. पीएनजी चित्राची सुरुवात १३७, ८०, ७८, ७१ अशी, जेपीजीची २५५, २१६, २५५ अशी, झिप फाइलची बहुधा ८०, ७५, ३, ४ अशी. झिपच्या खुणेतले पहिले दोन बाइट म्हणजे ‘पी’ आणि ‘के’ ही अक्षरे. झिपचे जनक फिल कॅट्झ यांची ती आद्याक्षरे आहेत. मात्र असा अंदाज बांधणे धोक्याचेही असते. चित्र म्हणून चढवलेली फाइल ब्राउझरने वेबपान किंवा प्रोग्रॅम समजून चालवली तर अनर्थ होईल. म्हणून काळजी घेणारे सर्व्हर ‘अंदाज बांधू नकोस’ अशी स्पष्ट सूचनाही चिठ्ठीत लिहितात.

मोठी फाइल तुकड्यांनी आणणे

पीडीएफ शेवटापासून वाचायची, पण नेटवरून ती सुरुवातीपासून येते. मग १०० एमबीची फाइल पूर्ण उतरेपर्यंत वाट पाहायची का? तशी गरज नाही. ब्राउझर सर्व्हरकडे फाइलचा ठरावीक तुकडाच मागू शकतो, उदाहरणार्थ ‘बाइट क्रमांक ५०,००० ते ६०,००० एवढेच द्या’. सर्व्हरला हे जमत असेल तर तो २०६ या क्रमांकाचे उत्तर देतो. म्हणजे ‘मागितलेला भाग पाठवत आहे’. पूर्ण फाइल पाठवताना हाच क्रमांक २०० असतो.

त्यामुळे पीडीएफ दाखवणारा प्रोग्रॅम आधी फाइलची सुरुवात आणि आकार पाहतो, मग शेपटीचा तुकडा मागवतो, अनुक्रमणिका वाचतो आणि समोरच्या पानासाठी लागणारे तुकडे आणतो. यासाठी सर्व्हरने फाइलचा आकार सांगायला हवा आणि तुकडे देण्याची तयारी दाखवायला हवी. काही सर्व्हर सगळ्याच फाइली वाटेत आणखी दाबून पाठवतात. पीडीएफ आतून बहुधा आधीच दाबलेली असल्याने त्यातून फारशी बचत होत नाही, आणि तुकड्यांनी वाचण्याची सोय मात्र हातची जाऊ शकते.

दुसरा उपाय फाइल तयार करतानाच करता येतो. पहिल्या पानाला लागणाऱ्या सर्व वस्तू आणि अनुक्रमणिकेचा आवश्यक भाग फाइलच्या सुरुवातीलाच ठेवायचा. अशा फाइलला ‘लिनिअराइज्ड’ पीडीएफ म्हणतात. ॲडोबीच्या प्रोग्रॅममध्ये हीच सोय ‘फास्ट वेब व्ह्यू’ या नावाने दिसते. कमी वेगाच्या मोबाइल नेटवर मोठे अहवाल वाचणाऱ्यांना याचा फरक लगेच जाणवतो.

दाखवण्याचे काम कोणाचे

सुरुवातीच्या काळात ब्राउझरला पीडीएफमधले काहीच कळत नसे. ॲडोबी रीडर बसवला की त्यासोबत एक प्लगइन यायचे. हा ब्राउझरला बाहेरून जोडलेला प्रोग्रॅम खिडकीचा ताबा घेऊन पान दाखवायचा. प्लगइन जुने राहिले की ब्राउझर अडखळायचा, आणि त्यातल्या त्रुटींतून संगणकात शिरकाव करणेही सोपे जायचे.

२०१० मध्ये क्रोममध्ये स्वतःचा पीडीएफ दर्शक आला. त्यामागे फॉक्सिट कंपनीचे तंत्र होते. २०१४ मध्ये गूगलने ते ‘पीडीएफियम’ या नावाने खुले केले. मोझिलाने वेगळा मार्ग धरला. २०११ मध्ये सुरू झालेल्या ‘पीडीएफ.जेएस’ या प्रकल्पात संपूर्ण दर्शक जावास्क्रिप्टमध्येच, म्हणजे साधी वेबपाने ज्या भाषेत चालतात त्या भाषेत लिहिला गेला. फेब्रुवारी २०१३ च्या फायरफॉक्स १९ पासून तो ब्राउझरमध्येच मिळू लागला. ॲपलच्या सफारीत कंपनीचे स्वतःचे तंत्र आहे. पुढे २०१५ मध्ये क्रोमने आणि २०१७ मध्ये फायरफॉक्सने जुन्या पद्धतीच्या प्लगइनांना निरोप दिला; फायरफॉक्सने त्या वेळी अपवाद ठेवला तो फक्त फ्लॅशचा. मोबाइलवर चित्र वेगळे राहिले. अँड्रॉइडवरचा क्रोम अनेक वर्षे पीडीएफ स्वतः न दाखवता डाउनलोड करून दुसऱ्या ॲपकडे सोपवत असे.

बाइटांपासून पानापर्यंत

दर्शक प्रोग्रॅम एक पान दाखवतो तेव्हा साधारण पुढील गोष्टी घडतात.

आधी पानाची वस्तू शोधून तिचा आकार पाहिला जातो. पीडीएफमध्ये माप ‘पॉइंट’मध्ये असते आणि एका इंचात ७२ पॉइंट असतात. ए-४ कागद सुमारे ५९५ बाय ८४२ पॉइंटांचा भरतो. मोजणी पानाच्या खालच्या डाव्या कोपऱ्यापासून सुरू होते, तर पडद्यावर ती वरच्या डाव्या कोपऱ्यापासून होते. त्यामुळे प्रत्येक बिंदूचे रूपांतर करावे लागते. पीडीएफमध्ये डावीकडून १०० आणि खालून ७४२ पॉइंटांवर असलेला बिंदू वरून मोजला तर ८४२ वजा ७४२, म्हणजे १०० पॉइंटांवर येतो. वेबवर एका इंचात ९६ पिक्सेल धरतात. तेव्हा खऱ्या आकारात पाहताना तो बिंदू दोन्ही बाजूंनी सुमारे १३३ पिक्सेलांवर पडतो.

मग पानाचा मजकूर उलगडला जातो. तो बहुधा झिपच्याच जातीच्या ‘डिफ्लेट’ पद्धतीने दाबलेला असतो. उलगडल्यावर त्यातून चित्र काढण्याच्या आज्ञा बाहेर येतात: हा फॉन्ट घे, या ठिकाणी जा, ही अक्षरे काढ, इथून तिथपर्यंत रेघ ओढ, हे चित्र इथे ठेव. परिच्छेद, मथळा, तक्ता असे काही त्या आज्ञांत नसते. वाचकाला जो तक्ता दिसतो, तो दर्शकाच्या लेखी काही रेघा आणि त्यांच्यामध्ये ठेवलेली अक्षरे. पीडीएफमधला तक्ता कॉपी करून एक्सेलमध्ये टाकला की का विस्कटतो, याचे उत्तर इथेच आहे. काही फाइलींत रचना सांगणाऱ्या खुणा वेगळ्या जोडलेल्या असतात. दृष्टिहीनांसाठीची वाचक-साधने त्याच खुणांवर अवलंबून असतात.

या आज्ञांप्रमाणे पान एका कोऱ्या फळ्यावर रंगवले जाते. पीडीएफ.जेएसमध्ये या फळ्याला ‘कॅनव्हास’ म्हणतात. रंगवलेले पान म्हणजे शेवटी एक चित्रच, त्यातली अक्षरे निवडता येत नाहीत. म्हणून चित्रावर न दिसणाऱ्या मजकुराचा एक थर बरोबर जागेवर पसरला जातो. आपण माउसने ओळ निवडतो ती या थरावरची असते. हा थर किंचित सरकला की निवडीची निळी पट्टी अक्षरांच्या थोडी बाजूला दिसते.

सगळी पाने एकदम का रंगवत नाहीत? हिशेब करून पाहू. ए-४ पान खऱ्या आकारात सुमारे ७९४ बाय ११२३ पिक्सेल, म्हणजे जवळजवळ ८ लाख ९२ हजार पिक्सेल. प्रत्येकाला ४ बाइट धरले तर एका पानाला सुमारे ३६ लाख बाइट लागतात. ३०० पानांना १०७ कोटी बाइट, म्हणजे जवळपास एक जीबी. दाट पिक्सेलांच्या पडद्यावर हा आकडा चौपट होतो. म्हणून दर्शक समोरची आणि आसपासची पाने तेवढी रंगवतो आणि मागे पडलेली पुसून टाकतो. भरभर खाली सरकताना क्षणभर पांढरी पाने दिसतात ती यामुळे.

देवनागरीचा वेगळा प्रश्न

पीडीएफच्या मानकात १४ फॉन्ट असे होते की ते फाइलमध्ये नसले तरी दर्शकाकडे असतील असे गृहीत धरले जाई. त्यांत देवनागरी नाही. म्हणून मराठी मजकुराच्या पीडीएफमध्ये फॉन्ट फाइलमध्येच जोडलेला असणे गरजेचे असते. तो नसेल तर चौकोन किंवा भलतीच अक्षरे दिसतात.

फॉन्ट जोडलेला असला तरी एक अडचण उरते. पान रंगवताना पीडीएफला अक्षराची आकृती लागते, अक्षर कोणते ते कळण्याची गरज नसते. ‘कि’ लिहिताना युनिकोडमध्ये आधी ‘क’ आणि मग वेलांटी असा क्रम असतो. कागदावर वेलांटी आधी येते. जोडाक्षरांत दोन-तीन अक्षरांची मिळून एकच आकृती बनते. या आकृत्यांवरून मूळ अक्षरे परत मिळवण्यासाठी फाइलमध्ये एक वेगळी सारणी असावी लागते. ती नसेल किंवा अपुरी असेल, तर डोळ्यांना मजकूर सुबक दिसतो, पण शोधला तर सापडत नाही आणि कॉपी केला तर वेलांट्या व जोडाक्षरे विस्कटतात.

युनिकोड रुळण्यापूर्वीच्या मराठी फाइलींची गत याहून बिकट. श्री-लिपी किंवा शिवाजी यांसारख्या जुन्या फॉन्टांत देवनागरी आकृत्या इंग्रजी अक्षरांच्या किंवा चिन्हांच्या जागांवर बसवलेल्या असत. असा मजकूर कॉपी केला की हाती रोमन अक्षरांची खिचडी येते. स्कॅन केलेल्या कागदांत तर मजकूर नसतोच, नुसते चित्र असते. त्यासाठी चित्रातून अक्षरे ओळखणारे ओसीआर तंत्र वापरावे लागते. जुने मराठी शासन निर्णय विषयाच्या शब्दावरून शोधताना अनेकदा निराशा पदरी पडते, त्यामागे ही कारणे असतात.

संकेतस्थळाच्या कोडमधून फाइल उघडताना

अनेक संकेतस्थळांवर फाइलची थेट लिंक नसते. बटण दाबल्यावर पानावरचा जावास्क्रिप्ट कोड फाइल मागवतो आणि मग दाखवतो. इथे मघाशी उल्लेख केलेला घोटाळा होतो.

आलेले बाइट कोडने बायनरी म्हणूनच घ्यायला हवेत. त्यासाठी ‘अरेबफर’ किंवा ‘ब्लॉब’ या सोयी आहेत. त्याऐवजी ते मजकूर म्हणून घेतले, तर ब्राउझर त्यांना यूटीएफ-८ समजून वाचतो. जे बाइट त्या पद्धतीच्या नियमांत बसत नाहीत, त्यांच्या जागी तो ‘अज्ञात अक्षर’ हे चिन्ह घालतो. हे चिन्ह परत लिहिताना तीन बाइट होतात: २३९, १९१, १८९. मूळ बाइट कोणता होता हे कायमचे पुसले जाते.

परिणाम मोठा चमत्कारिक असतो. पीडीएफचा सांगाडा साध्या अक्षरांत असेल तर तो वाचतो. अनुक्रमणिकेतले आकडे आता चुकलेले असतात, पण पुष्कळ दर्शक फाइल पुन्हा चाळून वस्तू शोधून काढतात. पाने किती आणि केवढी हे बरोबर कळते. दाबून ठेवलेला मजकूर आणि चित्रे मात्र बिघडलेली असल्याने उलगडत नाहीत. म्हणून १२ पानांची फाइल उघडते आणि बाराही पाने कोरी असतात. अशी फाइल मूळ फाइलपेक्षा आकाराने मोठी भरते, हीच तिची ओळख. वाचकाने ती पुनःपुन्हा डाउनलोड करून उपयोग नाही. दुरुस्ती संकेतस्थळ चालवणाऱ्यांनीच करायला हवी.

ब्लॉबची आणखी एक गोष्ट माहीत असावी. कोडने फाइल अशा रीतीने उघडली की पत्त्याच्या पट्टीत ‘ब्लॉब’ या शब्दाने सुरू होणारा लांबलचक पत्ता दिसतो. तो पत्ता आपल्या ब्राउझरच्या स्मृतीतल्या फाइलचा असतो. तो व्हॉट्सॲपवर पाठवला तर समोरच्याकडे काहीच उघडणार नाही. अशा वेळी फाइल उतरवून फाइलच पाठवावी.

वर्ड आणि एक्सेलच्या फाइली

पीडीएफ दाखवणारा ब्राउझर वर्डची फाइल मात्र सहसा डाउनलोड करतो. ‘डॉक्स’ प्रकारची फाइल म्हणजे आतून एक झिप असते आणि तिच्यात मजकूर, शैली, चित्रे अशा अनेक लहान फाइली असतात. पान कुठे संपते हे त्यात पक्के ठरलेले नसते. ते दाखवणाऱ्या प्रोग्रॅमने ठरवायचे असते. हे काम बरेच मोठे असल्याने ब्राउझरांनी ते अंगावर घेतलेले नाही.

काही संकेतस्थळे अशा फाइली खिडकीत दाखवतात. तिथे बहुधा फाइल एखाद्या सर्व्हरवर जाते आणि रूपांतर होऊन परत येते. सार्वजनिक अहवालासाठी यात काही बिघडत नाही. पण पगाराचा तपशील, वैद्यकीय अहवाल किंवा खरेदीखत अनोळखी ‘ऑनलाइन फाइल उघडा’ सेवेवर चढवण्याआधी आपला कागद तिसऱ्याच्या संगणकावर जातो आहे, हे लक्षात ठेवावे.

सुरक्षितता, पासवर्ड आणि सही

अनोळखी फाइल उघडणे म्हणजे अनोळखी बाइट आपल्या प्रोग्रॅमकडून वाचून घेणे. वाचणाऱ्यात चूक असेल तर मुद्दाम रचलेली फाइल तिचा फायदा घेते. ऑगस्ट २०१५ मध्ये फायरफॉक्सच्या पीडीएफ दर्शकातली त्रुटी वापरून लोकांच्या संगणकांवरील फाइली चोरल्या जात असल्याचे उघड झाले आणि मोझिलाला तातडीने सुधारित आवृत्ती द्यावी लागली. मे २०२४ मध्ये पीडीएफ.जेएसच्या फॉन्ट हाताळणीतली आणखी एक गंभीर त्रुटी दुरुस्त झाली. ब्राउझर वेळेवर अद्ययावत ठेवणे हा यावरचा सर्वांत साधा उपाय.

पासवर्ड असलेली पीडीएफ ब्राउझरमध्ये उघडता येते आणि ती आपल्याच संगणकावर उलगडली जाते. ई-आधारच्या फाइलला नावाची पहिली चार इंग्रजी मोठी अक्षरे आणि जन्मवर्ष असा पासवर्ड असतो. हा नियम सर्वांना ठाऊक असल्याने ज्याला आपले नाव आणि जन्मवर्ष माहीत आहे, त्याच्यापासून ही फाइल सुरक्षित नाही.

डिजिटल सहीचा मुद्दा अधिक महत्त्वाचा. सही करताना फाइलमधल्या ठरलेल्या बाइटांचा गणिती ठसा घेतलेला असतो. त्यातला एकही बाइट बदलला तर ठसा जुळत नाही. पानावर दिसणारा सहीचा चौकोन हे त्या सहीचे केवळ चित्र. खरी सही बाइटांत असते. ब्राउझरमधले दर्शक सहसा ती तपासून दाखवत नाहीत, त्यासाठी ॲक्रोबॅट रीडरसारखा प्रोग्रॅम लागतो. डिजिटल सहीचा सातबारा ब्राउझरमध्ये उघडून ‘प्रिंट’मधून ‘पीडीएफ म्हणून जतन करा’ केले, तर एक नवीच फाइल तयार होते. दिसायला ती तशीच असते, पण तिच्यातली सही गेलेली असते. म्हणून सहीचा कागद डाउनलोडच्या बटणाने जसाच्या तसा उतरवावा आणि मूळ फाइल जपून ठेवावी.

याच्या उलट धोका झाकलेल्या मजकुराचा. पीडीएफमध्ये नावावर किंवा आधार क्रमांकावर काळा चौकोन काढला, तर बहुतेक वेळा खालची अक्षरे फाइलमध्ये तशीच राहतात. कोणीही ती निवडून कॉपी करू शकतो. माहिती खरोखर काढायची असेल तर त्यासाठीची खास सोय वापरावी लागते.

फाइल उघडत नसेल तर

- फाइल उघडण्याऐवजी डाउनलोड होते: सर्व्हरची सूचना तशी आहे किंवा ब्राउझरचे सेटिंग तसे आहे. उतरलेली फाइल ब्राउझरच्या खिडकीत ओढून टाकली तरी उघडते.
- ‘ही पीडीएफ नाही’ असा संदेश येतो: फाइल नोटपॅडमध्ये उघडून पहिली ओळ पाहा. तिथे टक्क्याचे चिन्ह आणि पीडीएफ ही अक्षरे नसून वेबपानाचा कोड असेल, तर लॉगिनची मुदत संपली आहे आणि सर्व्हरने फाइलऐवजी लॉगिनचे पान पाठवले आहे. पुन्हा लॉगिन करून फाइल मागवा.
- पाने कोरी दिसतात: दुसऱ्या ब्राउझरमध्ये पाहा. तिथेही कोरीच असतील, तर बिघाड बहुधा संकेतस्थळाच्या बाजूला आहे.
- सुरुवातीची पाने दिसतात, पुढची नाहीत: डाउनलोड अर्धवट राहिले असण्याची शक्यता जास्त. फाइलचा आकार मूळ आकाराशी ताडून पाहा.
- मराठी अक्षरांऐवजी चौकोन दिसतात: फॉन्ट फाइलमध्ये जोडलेला नाही. फाइल तयार करणाऱ्याकडून फॉन्टसह प्रत मागावी.
- मजकूर दिसतो पण शोधात सापडत नाही: फाइल स्कॅन केलेली आहे, जुन्या फॉन्टात आहे किंवा अक्षरांची सारणी अपुरी आहे.

तक्रार करताना नुसते ‘फाइल उघडत नाही’ असे न लिहिता ब्राउझरचे नाव, दिसलेला संदेश, उतरलेल्या फाइलचा आकार आणि फाइलची पहिली ओळ कळवावी. तेवढ्यावरून दोष सर्व्हरच्या चिठ्ठीत आहे, संकेतस्थळाच्या कोडमध्ये आहे की मूळ फाइलमध्ये, हे दुरुस्त करणाऱ्याला पुष्कळ लवकर कळते.